वाढीव पिकअपसह

शबीना मुलाणी गाडी चालवायला शिकली ती बेचाळिसाव्या वर्षी, आणि तीही रागाच्या भरात. त्याआधी सोळा वर्षं ती बारामतीहून वरकुट्याच्या शाळेत शिकवायला जात होती ती दुसऱ्यांच्या सोयीनं. एसटी मिळाली तर एसटी, नाहीतर कुणाच्या जीपमध्ये मागं दप्तरांबरोबर दाटीवाटीनं. एकदा एका गुरुजींनी पाचला निघू म्हणून सांगितलं आणि साडेचारलाच निघून गेले. बाई दीड तास शाळेच्या फाटकाशी उभ्या. त्या संध्याकाळी घरी आल्यावर तिनं चहाचा कप बाजूला सारला आणि नवऱ्याला सांगितलं, "मला गाडी शिकायचीय."

नवरा आरिफ. त्याचं पाइप-फिटिंगचं दुकान. माणूस भला, पण जगातल्या कुठल्याही गोष्टीवर त्याचं पहिलं उत्तर ठरलेलं.

"कशाला?"

कशाला ते शबीनाला नेमकं ठाऊक होतं. राहतं घर सासऱ्यांच्या नावावर, दुकान आरिफच्या, माहेरची जमीन भावांच्या. तिच्या नावावर म्हणाल तर शाळेच्या मस्टरवरची एक ओळ. रोज सकाळी ती त्या ओळीत ठसठशीत सही करायची, आणि सोळा वर्षांत त्या सहीपुढं कधी लाल शेरा पडला नव्हता. एसटी बंद असली तर ती दुधाच्या टेम्पोतून आली होती, पण वेळेवर आली होती.

तर गाडी. सोमेश्वरनगरच्या विजयसिंहांकडं एक इलेक्ट्रिक गाडी विकायला होती. पोरगा यशराज हौसेनं वडिलांच्या नावावर घेऊन आला आणि वर्षभरात बेंगळुरूला नोकरीला निघून गेला. विजयसिंहांना आवाज नसलेली गाडी पटत नव्हती. "चालू हाय का बंद, त्येच कळत न्हाय," म्हणायचे. पण शबीनाला चालवून दाखवायला बसले तेव्हा त्यांनी पाय दाबला आणि तिची पाठ सीटला जाऊन चिकटली.

"हे पिकअप कंपनीनं दिल्यालं न्हाय बरं का," ते अभिमानानं म्हणाले. "पोरानं वरनं पैसं भरून मोबाईलवर इकत घेतलंय. गाडीत काय बसवलं न्हाय, काय काढलं न्हाय. नुसतं बटण दाबलं आन दुसऱ्या दिवशी घोडं उधळायला लागलं."

"मग ते गाडीबरोबर येणार ना?"

विजयसिंहांना हा प्रश्नच लागला. "आवो ताई, जमीन इकली तर हिरीतला हिस्सा काय मी घरी घिऊन जातो व्हय? ज्याची जमीन त्याचा हिस्सा. रीतच हाय ती."

रीत अशी, की खरेदीखतात विहिरीतली पाण्याची पाळी, बांधावरची झाडं, येण्याजाण्याची वाट, सगळं नावानिशी लिहायचं. लिहिलं नाही तर पुढं भाऊबंदकीत डोकी फुटतात. म्हणून विजयसिंहांनी बारामतीत कोर्टापाशी स्टॅम्पपेपरवर शब्द घालून घेतले: 'सदर गाडी, चार्जर, पायपुसणी चार नग व विकत घेतलेल्या वाढीव पिकअपसह'. टायपिस्टनं दोनदा विचारलं, पिकअप म्हणजे टेम्पो का? नाही म्हटल्यावर त्यानं मुकाट्यानं टाइप केलं. शबीनानं सही केली. आरटीओत गाडी तिच्या नावावर झाली.

आणि मग उसाचा हंगाम सुरू झाला.

बारामती-इंदापूर रस्ता सोडून वरकुट्याकडं आत वळलं की शेवटचे दहा-बारा किलोमीटर रस्ता अरुंद. त्यावर ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रेलर जोडलेले, ऊस चहूबाजूंनी बाहेर आलेला, आणि ड्रायव्हरच्या कानाशी इतक्या मोठ्यानं गाणी की मागून तोफ डागली तरी ऐकू जायची नाही. तो ट्रेलर मागं टाकायचा म्हणजे समोर रस्ता मोकळा दिसतो तेवढ्यात, श्वास रोखून, एका दमात. ते पिकअप नेमकं तिथं कामाला यायचं. तिच्याबरोबर येणाऱ्या सुकन्या मॅडम पहिला आठवडा डोळे मिटून बसल्या. दुसऱ्या आठवड्यात त्याच म्हणू लागल्या, "बाई, टाका मागं ह्याला!" शबीना पाय दाबायची, ट्रेलर आरशात लहान व्हायचा, आणि तिला उगाचच हसू यायचं. सोळा वर्षं सगळे तिला मागं टाकून गेले होते.

एकच गोष्ट रोज सकाळी खुपायची. गाडी सुरू केली की पडद्यावर अक्षरं यायची: 'नमस्कार, विजयसिंह'.

गाडी माझी, पैसे माझे, आरटीओत नाव माझं, आणि ही बया रोज सकाळी परक्या माणसाला नमस्कार करते! दोन महिने तिनं सोसलं. मग एका शनिवारी भिगवण रस्त्यावरच्या शोरूममध्ये जाऊन म्हणाली, इथंही माझं नाव लावा. तिथल्या श्रेया नावाच्या मुलीनं मोबाईलवर खातं उघडून दिलं. भरपूर मजकूर आला, खाली चौकोन आला. चौथीच्या पोरांना 'आधी प्रश्न पुरता वाचा, मग उत्तर लिहा' म्हणून वर्षानुवर्षं बजावणाऱ्या बाईंनी काहीही न वाचता चौकोनात खूण केली.

सोमवारी सकाळी पडद्यावर आलं, 'नमस्कार, शबीना'. तिनं त्याचा फोटो काढून बहिणीला पाठवला.

त्याच सकाळी ट्रेलर आला. समोर लांबवर एसटी दिसत होती, पण अंतर रोजच्या हिशोबात बसणारं होतं. शबीनानं गाडी बाहेर काढली, पाय दाबला, आणि गाडी नुसती चालत राहिली. नेहमीची ती उसळी आलीच नाही. अर्ध्या ट्रेलरपर्यंत पोचल्यावर तिला कळलं की आपण पुढं पोचत नाही. एसटी दिवे मारत अंगावर आली. तिनं करकचून ब्रेक दाबला, गाडी मागं घेतली, आणि बाहेर आलेला ऊस टपावरून आणि काचेवरून खरखरत गेला. सुकन्या मॅडम किंचाळल्या. एसटीच्या ड्रायव्हरनं जाता जाता जे सुनावलं ते चौथीच्या वर्गात सांगण्यासारखं नव्हतं. शबीनानं गाडी बाजूला घेतली. तिला रडू येत होतं, आणि रडू येतंय याचाच तिला जास्त संताप येत होता.

घरी आरिफनं काचेवरचे ओरखडे पाहिले. या वेळी तो 'कशाला' म्हणाला नाही, ते वाईट लक्षण होतं. "आता बास," तो म्हणाला. "हंगाम संपंपर्यंत एसटीनं जा. न्हायतर गाडी इकून टाकू. जिवापरीस गाडी मोठी न्हाय." त्याचा आवाज कापला, म्हणून तिला त्याच्याशी धड भांडताही येईना. पण तिला दिसत होतं, आज किल्ली ठेवली की ती पुन्हा फाटकाशी उभी राहणार, दुसऱ्याच्या गाडीची वाट बघत.

तिनं विजयसिंहांना फोन केला. दुसऱ्या दिवशी शबीना आणि आरिफ पोचायच्या आत ते स्टॅम्पपेपर घेऊन शोरूममध्ये हजर. खोटं विकलं असा ठपका त्यांना सहन होणारा नव्हता. श्रेयानं कागद वाचला, 'पायपुसणी चार नग' वाचून ओठ दाबले आणि सांगितलं, "सर, ती खरेदी गाडीची नसते. खातेदाराची असते. खातं बदललं की ती बंद होते."

"मग माझ्या खात्यात हाय का ती?"

"नाही सर. तुमच्या खात्यात आता गाडीच नाही."

विजयसिंहांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. "म्हंजी मी इकलं, माझ्याकडं न्हाय. ताईंनी घेतलं, त्यांच्याकडं न्हाय. मग हाय कुठं ते पिकअप?"

पोरगी प्रामाणिक होती. तिनं काचेतून बाहेर उभ्या गाडीकडं पाहिलं. "गाडीतच आहे, सर. फक्त बंद आहे."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण इथं कळशाला कुलूप होतं आणि किल्ली भलत्याच्याच कनवटीला. शबीना म्हणाली, "मग चालू करा." तर श्रेया म्हणाली, ते पुन्हा विकत घ्यावं लागेल, पूर्ण किमतीला. नाहीतर दुसरी वाट होती. गाडी परत विजयसिंहांच्या खात्याला जोडायची. त्यांच्या नावानं खरेदी झालेली आहे, ती आपोआप चालू होईल.

"हात्तिच्या!" विजयसिंह उभेच राहिले. "जोडा की मग. ताई, माझं नाव ऱ्हाऊ द्या, गाडी तुमी चालवा. एक पैसा नगं. मी शब्द दिला हुता."

त्यांचं मन साफ होतं. आरिफचाही चेहरा उजळला. "बघ, फुकटात काम झालं! पडद्यावर कुणाचं का नाव असंना. नावानं काय जातंय?"

"तुमचं काय जाणार?" शबीना म्हणाली. "तुमच्या नावावर दुकान हाय."

श्रेयानं मान खाली घालून कीबोर्ड पुसायला घेतला.

पैसे भरता आले असते. तेवढे तिच्याकडं होते. पण एकदा विकत घेतलेली वस्तू, तीच, त्याच गाडीत बसलेली, पुन्हा विकत घ्यायची या कल्पनेनंच तिच्या डोक्यात तिडीक उठायची. तिनं चौथीच्या वर्गात उदाहरण म्हणून घातलं: एकानं दूध देणारी शेळी विकली. घेणाऱ्याच्या दारात येताच शेळीचा मालक बदलला म्हणून दूध बंद. दूध हवं तर पुन्हा पैसे द्या. सांगा, शेळी कुणाची? वर्ग बुचकळ्यात पडला. मग मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "बाई, दूध शेळीतच हाय ना? मग त्ये लबाडी करत्यात." बाईंनी तिला पैकीच्या पैकी मार्क दिले.

पण मार्क देऊन रस्ता रुंद होत नाही. गुरुवारी सकाळी आरिफनं टेबलावर एसटीचा पास आणून ठेवला. शेजारी मोबाईल आणि विजयसिंहांच्या खात्याचा नंबर लिहिलेला कागद. दोन्हीपैकी एक उचल, एवढंच त्याचं म्हणणं. शबीनानं किल्ली उचलली. रोजच्यापेक्षा वीस मिनिटं आधी निघाली.

दुधानं तोंड पोळलेली बाई ती, ताक फुंकूनच पीत होती. आत वळल्यावर ट्रेलर लागला. त्याच्यापुढं दुसरा, त्याच्यापुढं तिसरा. ट्रॅक्टरवाल्यानं हात काढून 'जा पुढं' म्हणून खुणावलं. ती गेली नाही. मागून हॉर्न वाजू लागले. मोटारसायकली, जीप, एक टँकर, सगळे तिला मागं टाकून गेले. जाता जाता एकानं काच खाली करून बघितलं की बाईच आहे ना, आणि समाधानानं मान हलवली. शबीनाच्या जबड्याला कळ लागली होती, इतके दात तिनं आवळून धरले होते.

तेवढ्यात पडद्यावर उजेड झाला. 'शबीना, वेग हवा आहे?' खाली दोन चौकोन, 'आत्ता' आणि 'नंतर'. 'नको' कुठंच नव्हतं. दोन महिने नावासाठी जीव टाकला, तर नाव लागलं ते हे विचारायला. तिनं चडफडत 'नंतर' दाबलं.

"बाई, घेऊन टाकावं का?" सुकन्या मॅडम हळूच म्हणाल्या.

"बसायचं असेल तर गप बसा," शबीना म्हणाली, आणि लगेच तिला वाईट वाटलं. "उद्या आपण अजून वीस मिनिटं आधी निघू."

शाळेत पोचेपर्यंत प्रार्थना संपली होती. मुख्याध्यापक दादासाहेब मस्टर उघडून बसले होते, आणि शबीनाच्या ओळीपुढं, सोळा वर्षांत पहिल्यांदा, लाल शेरा पडला होता. ते त्यांनाच जड झालं होतं.

"मुलाणीबाई, कारण लिहा. गाडी बिघडली म्हणून लिहा, कुणी काय विचारत न्हाय."

"गाडी बिघडलेली नाही, सर."

"मग काय झालं?"

तिनं पेन घेतलं. आधी सही केली, रोजच्यासारखी ठसठशीत. मग 'उशिराचे कारण' या रकान्यात लिहिलं आणि मस्टर त्यांच्याकडं सरकवलं. दादासाहेबांनी चष्मा वर करून वाचलं, पुन्हा वाचलं.

"बाई, आवो हे कसलं कारण?"

"खरं कारण आहे, सर," शबीना म्हणाली, आणि खडू घेऊन वर्गाकडं गेली.

रकान्यात लिहिलं होतं: 'गाडी माझ्या नावावर आहे.'