पद्मिनीबाईंचे दिवे आणि माशाचे काटे

रेल्वेच्या इलेक्ट्रिक विभागातून पद्मिनी मेश्राम निवृत्त झाल्या तेव्हा नवरा, शिशिरराव, म्हणाले, "आता आराम कर." तो काही त्यांना जमला नाही. एकदा सदर बाजारात भंगाराच्या हातगाडीवर त्यांना एक उभा दिवा आडवा पडलेला दिसला. तीन बारीक पाय, पुढे वाकलेली पितळी नळी, टोकाला निमुळत्या टोप्यांसारख्या तीन शेड. कुठलासा जुना बंगला पाडला, त्यातला. मागून स्कूटरवाले हॉर्न वाजवत होते, पण बाईंचा पाय हलेना.

"हे काय आणलं बाप्पा? तीन डोक्यांचा बगळा!" शिशिरराव घरात म्हणाले.

मुलगी दीक्षाने मोबाइलवर शोधलं. "मम्मी, ये तो फिफ्टीज का स्टाइल है. मिड-सेंच्युरी मॉडर्न. विदेश में लोग पागल हैं इसके लिए."

"त्यायचं त्यायले माहीत. मले आवडला," पद्मिनीबाई म्हणाल्या. नक्षी नाही, लोलक नाहीत. उजेड हवा तिकडे मान वळवायची, बस. त्यांनी वायर बदलली, दिवा लावला आणि त्याच्याकडे बघत चहा गार केला. मग त्याच धर्तीवर स्वतःच दिवे बनवायला लागल्या.

तेलीबांध्याला तलावाकाठी प्रदर्शन भरलं, तिथे त्यांनी स्टॉल लावला. लोक यायचे, दिव्यासोबत सेल्फी काढायचे आणि पुढे जायचे. एकाने विचारलं, "दीदी, ये मच्छर मारता है क्या?" एक म्हातारी मात्र थांबली. म्हणाली, "आमच्या लहानपणी पिवळा बल्ब म्हणजे गरिबी. आता कुठं पोराच्या घरी पांढरा लख्ख उजेड आला, अन् तू परत पिवळाच विकून राहिली? काहून?"



भार्गव शिरपूरकर नावाचा तरुण जवळच छोटं हॉटेल काढत होता. त्याने मात्र प्रत्येक टेबलावर टांगायला एकेक दिवा सांगितला. "ताई, फोटो लय भारी येतीन!"

हॉटेल सुरू झालं आणि थोड्याच दिवसांत त्याचा फोन आला. "ताई, लवकर या. लोकं मोबाइलचा टॉर्च लावून मासे खाऊन राहिले."

रिक्षात बाई धुमसत होत्या. इतका देखणा दिवा, अन् लोकांना कदर नाही! पोचल्या तशा कोपऱ्यातल्या टेबलावर बसल्या आणि रोहूचा रस्सा मागवला. दुसऱ्याच घासाला काटा हिरडीत घुसला. डोळ्यांत पाणी आलं तशी त्यांनी मान वर केली. सगळ्या शेड छताकडे वळलेल्या. छत झकास उजळलं होतं आणि ताटात अंधार. तशा त्या दिवे टांगताना बाईंनी स्वतःच, सुंदर दिसतात म्हणून वळवून घेतल्या होत्या.

"भार्गव, स्टूल आण," त्या म्हणाल्या. "चूक माही हाय."

जेवणारे जेवत राहिले आणि बाई पदर खोचून टेबलाटेबलावर फिरल्या. वायरी खाली घेतल्या, शेडची तोंडं ताटाकडे केली. ताठ उभं राहताना एका वाढप्याचं डोकं शेडवर दणकन आपटलं, म्हणून पुन्हा चारेक बोटं वर. शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी काटा उजेडात धरला आणि ओरडले, "हव, अब दिखत हे!" सगळं हॉटेल हसलं. बाई स्टुलावरच हसत सुटल्या.

आता ताट उजळलं, डोळ्यांवर तिरीप येईना. माणसं पुढे झुकून, हलक्या आवाजात बोलायला लागली. मग भार्गवची नवीच तक्रार सुरू झाली. "ताई, आता कोणी उठूनच नाही राहिलं. जेवण झालं तरी गोष्टी चालूच."

"मग बाहेर बाकडं टाक," बाई म्हणाल्या.

जेवायला येणारे दिव्याची चौकशी करू लागले. परदेशी नाव कुणाच्या जिभेवर बसलं नाही. गावभर तो 'मच्छीवाला लॅम्प' झाला. दीक्षाला लाज वाटते. बाईंना अजिबात नाही.

आता कुणी दिवा मागितला की त्या आधी त्याच्या घरी जाऊन बसतात. परवा समता कॉलोनीत वनमालाबाईंकडे गेल्या होत्या.

"शोभेसाठी पाहिजे, हॉलमंधी," वनमालाबाई म्हणाल्या.

"ते होईन. पण संध्याकाळी तुम्ही बसता कुठं?"

"तिकडं, खिडकीपाशी. साड्यायले फॉल-बिडिंग करते ना मी."

"मग चला, तिथंच बसू," म्हणत पद्मिनीबाईंनी खुर्ची खिडकीकडे ओढली.