अब्ह्याचा सनसेट पॉइंट

कुठल्याही डोंगरावर गेल्यावर 'अगदी आपल्या महाबळेश्वरसारखं' म्हणणाऱ्या माणसाला तिथूनच परत पाठवण्याचा कायदा व्हायला हवा. सौदीत एवढे कायदे आहेत, त्यात आणखी एक. अब्हा हे सौदीच्या नैऋत्य कोपऱ्यातलं जुनं शहर, चांगलं उंच डोंगरावर वसलेलं. ज्यांनी सौदीत फक्त वाळू, रिफायनरी आणि मॉल पाहिलेत त्यांना तिथे उतरल्यावर निदान दोन मिनिटं गप्प बसावंसं वाटायला हवं. आमच्या अल-खोबरच्या मराठी मंडळींना विमानतळाबाहेर पाऊल टाकल्याबरोबर महाबळेश्वर आठवलं. गार वारा आला, महाबळेश्वर. माकड दिसलं, महाबळेश्वर. रस्त्याकडेला कणीस भाजणारा माणूस दिसला तेव्हा तर बसमध्ये टाळ्या वाजल्या.

एरवी मी हसून सोडून दिलं असतं. पण त्या सहलीला मी आईला घेऊन गेले होते, आणि आईच्या डोळ्यांना वेळ नव्हता.

आई नाशिकला महापालिकेच्या शाळेत चित्रकलेची शिक्षिका होती. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना तिने मुलांच्या पिढ्या बसवल्या. निवृत्त झाल्यावर तिच्या डोळ्यांत काहीतरी सुरू झालं. नजरेच्या बरोबर मधोमध डाग पडतो आणि तो पसरत जातो, असं डॉक्टरांनी सांगितलं. इंजेक्शनं झाली. मग एक दिवस डॉक्टर म्हणाले, "बाई, जे बघायचं असेल ते आता बघून घ्या." मी तिला व्हिजिट व्हिसावर खोबरला घेऊन आले. माझा नवरा पेट्रोकेमिकलमध्ये, आमचा फ्लॅट कॉर्निशच्या, म्हणजे समुद्रकाठच्या रस्त्याच्या, जवळ, खिडकीतून समुद्राची निळी पट्टी दिसते. आईने ती पाहिली, छान आहे म्हणाली आणि सोफ्यावर जाऊन बसली. मॉल दाखवला, बाहरीनचा पूल दाखवला. सगळं छान आहे. तिला काही बघायचंच नाही की काय, असं मला वाटायला लागलं होतं.

त्यातून आणखी एक सवय तिला लागली होती. मी बोलायला लागले की ती भिंतीकडे बघायची. मी ओट्याशी उभी राहून तावातावाने काही सांगतेय आणि आईसाहेब फ्रिजच्या वरच्या घड्याळाकडे तोंड करून बसल्यात. "मी तुझ्याशी बोलतेय गं," मी म्हणायचे. "ऐकतेय ना मी," ती म्हणायची, घड्याळाकडेच बघत. माझं डोकं फिरायचं.

मग कॉर्निशवर एका प्रदर्शनात असीर भागातल्या बायकांनी रंगवलेली एक फळी मांडलेली होती. काळ्या रेघा, त्यांत लाल, पिवळे, हिरवे, निळे त्रिकोण आणि ठिपके. आई जवळ गेली, नाक टेकेल इतकी जवळ, आणि मान कलती करून कितीतरी वेळ उभी राहिली. "हे भिंतीवर काढतात?" तिने विचारलं. स्टॉलवरच्या बाईने सांगितलं, हो, घरातली पाहुण्यांची खोली बायका स्वतः रंगवतात, याला कत्त म्हणतात, अब्ह्याकडे जा. आई म्हणाली, "मला ती भिंत बघायचीय." इतक्या महिन्यांत तिने मागितलेली ही पहिली गोष्ट. मला तिथेच रडू आलं असतं, पण गर्दी होती.

नेमकी आमच्या मंडळींची अब्ह्याची सहल ठरत होती. आयोजक म्हणजे नवऱ्याच्या कंपनीतले वरिष्ठ, पुण्याचे, अतिशय हौशी माणूस. मी त्यांना सगळं सांगितलं. आईचे डोळे, भिंत, सगळं. "काळजीच करू नका वहिनी," ते म्हणाले. "रिजाल अलमा आहेच आपल्या प्लॅनमध्ये. काकूंना आपण सगळं दाखवू." रिजाल अलमा हे अब्ह्याहून घाट उतरून गेल्यावर लागणारं जुनं दगडी गाव. उंच घरं, पांढऱ्या गारगोटीने मढवलेल्या खिडक्या, आणि आत रंगवलेल्या खोल्या. मी निर्धास्त झाले.

पहिल्याच दिवशी दुपारी हॉटेलच्या खिडकीत बसलो होतो आणि खालच्या दरीतून धुकं वर चढत आलं. बघता बघता समोरचा डोंगर गेला, मग रस्ता, मग पार्किंगमधल्या गाड्यासुद्धा. सकाळी विमानातून सगळं लख्ख दिसत होतं. डोळे असलेल्या कुणालाही कळावं की इथे जे बघायचं ते सकाळी. मी आयोजकांना तसं म्हटलंही. "भाऊजी, उद्या आधी गावात जाऊ या. दुपारनंतर घाटात काही दिसणार नाही."

ते हसले. "वहिनी, डोंगरावरचा सनसेट चुकवायचा म्हणजे काय? सकाळी बाजार, संध्याकाळी अल सूदाचा सनसेट पॉइंट, आणि तिथूनच घाट उतरून गाव. रात्री लायटिंगमध्ये गाव काय दिसतं माहितीये?"

आता अल सूदा हा तिथला सगळ्यात उंच डोंगर. त्याला सनसेट पॉइंट हे नाव कुणी दिलं? आमच्या मंडळींनी, बसमध्ये. जन्मभर प्रत्येक थंड हवेच्या ठिकाणी सकाळी खरेदी, दुपारी झोप आणि संध्याकाळी सनसेट पॉइंट असाच क्रम पाळलेला, तो सौदीच्या डोंगरानेही पाळावा अशी अपेक्षा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आकाश इतकं निळं होतं की मला धडधडायला लागलं. आई आंघोळ करून, साडी नेसून, तयार होऊन खाली लॉबीत बसलेली. आणि मंडळी? मंडळी आयोजकांच्या खोलीत कांदेपोहे करत होती. हॉटेलचा नाश्ता समाविष्ट होता, पण तो 'आपल्याला चालत नाही'. खोबरहून इंडक्शन शेगडी आणली होती, पोहे, शेंगदाणे, कढीपत्तासुद्धा. शेगडी लावल्याबरोबर त्या मजल्यावरची वीज गेली. ती आल्यावर दुसऱ्या खोलीत पुन्हा प्रयोग. मग सगळ्या बायकांनी एका रंगाचे कुडते घालून फोटो काढायचे होते. एका वहिनींचा कुडता इस्त्री व्हायचा होता. सगळे आल्याशिवाय बस हलणार नाही, हा आमचा नियम, आणि सगळे कधीच एका वेळी येत नाहीत, हाही.

बाजारात मात्र आई रमली. जुन्या मोहल्ल्यातली मातीची घरं होती, त्यांच्या भिंतींतून पातळ दगडी फरश्यांच्या रांगा बाहेर काढलेल्या. पावसाचं पाणी भिंतीवर न ओघळता लांब पडावं म्हणून. आईने त्यावर हात फिरवला आणि म्हणाली, "किती शहाणी माणसं." मधवाल्याने बोटावर मध दिला. एक म्हातारा डोक्यावर झेंडूचा आणि सब्जाच्या पानांचा मुकुट घालून बसला होता. आमच्या बायकांनी त्याच्याकडचे सगळे मुकुट घेतले आणि पुन्हा फोटो काढायला लागल्या. मी घड्याळ बघत होते. वर आकाशात पहिला ढग आला होता.

जेवणानंतर, सांगू नये, पण मंडळी झोपली. मी बसच्या ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन उभी राहिले, तो बिचारा काय करणार? "मॅडम, साब लोग आएँगे तो चलेंगे." मग कधीतरी निघालो. अल सूदाच्या वाटेवर जुनिपरची झाडं धुक्यात बुडत चालली होती. थांब्यावर उतरलो तर पांढऱ्याशिवाय काही नव्हतं. दरी, सूर्य, खालचं गाव, कशाचाच पत्ता नाही. एका माकडाने मात्र धुक्यातून हात घालून आयोजकांची भाकरवडीची पिशवी नेली, तेवढं मला मनापासून आवडलं.

"यल्ला, गावात तर जाऊ," आयोजक म्हणाले. घाटाच्या तोंडाशी पोलिसांची गाडी आडवी लावलेली. ड्रायव्हर उतरून बोलून आला. "रस्ता बंद. धुकं. आज खलास." आणि उद्या दुपारी आमचं विमान.

बसमध्ये कुणीतरी म्हणालं, "महाबळेश्वरलाही आमचं असंच झालं होतं." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

हॉटेलच्या लॉबीत मी आयोजकांना गाठलं. "भाऊजी, मी तुम्हाला काल सांगितलं होतं. हात जोडून सांगितलं होतं. तुमच्या पोह्यांसाठी, तुमच्या सनसेटसाठी माझ्या आईची भिंत गेली. तुम्ही पुढच्या वर्षी याल, त्याच्या पुढच्या वर्षी याल. तिला पुढचं वर्ष नाही, कळतंय का तुम्हाला?"

"वहिनी, निसर्गापुढे आपण काय करणार," ते म्हणाले.

"निसर्ग सकाळी मोकळाच होता!" मी एवढ्या जोरात ओरडले की लिफ्टपाशी उभी असलेली माणसं वळून बघायला लागली. नवरा माझा दंड धरून "अगं, हळू" म्हणत होता. आणि आई? जिच्यासाठी मी हा सगळा तमाशा करत होते, ती माझ्या समोरच्या सोफ्यावर बसून खांबाकडे बघत होती. त्या खांबावर बघण्यासारखं काहीही नव्हतं. मला तिचाही राग आला. माणसाने निदान आपल्या बाजूने भांडणाऱ्याकडे बघावं.

मंडळी पांगली. काउंटरवरची मुलगी तिथलीच, विशीतली, अबाया आणि गळ्यात हॉटेलचं ओळखपत्र. तिने इंग्रजीत विचारलं, काही तक्रार आहे का. मी म्हटलं, तुमच्याबद्दल नाही, आणि सगळं सांगून टाकलं. परक्या माणसाला सांगणं सोपं असतं. ती आईकडे बघून म्हणाली, "माझ्या आजीच्या घरी आहे ती भिंत. इथेच, जुन्या मोहल्ल्यात. आजीने स्वतः काढलेली. उद्या सकाळी या. घाट उतरायला नको."

म्हणजे त्या सकाळी आम्ही बाजारात मुकुट घालून फोटो काढत फिरलो तेव्हा ती भिंत दोन गल्ल्यांवर होती. हे कळल्यावर मी आणखी संतापले, पण आता संतापायला समोर कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मंडळी पोह्यांना बसली आणि आम्ही दोघी टॅक्सीने निघालो. आयोजकांनी विचारलं, "अहो, पण आपण सगळे बरोबर..." मी मागे वळले नाही.

घर लहान होतं. काउंटरवरच्या मुलीने दार उघडलं, आजीने आईचा हात धरून तिला आत नेलं आणि पाहुण्यांच्या खोलीत गादीवर बसवलं. आणि ती भिंत. जमिनीपासून कमरेच्या वरपर्यंत लांबच्या लांब रंगांनी भरलेली. काळ्या रेघा सरळ पट्टी लावल्यासारख्या, पण पट्टी न लावता काढलेल्या. त्यांत त्रिकोण, चौकटी, कणसांसारख्या रांगा. मीसुद्धा बोलायची थांबले. कावा, म्हणजे तिथली वेलचीची कॉफी, आला, खजूर आले. आजी दारापाशी बसली. मी, जिथे भिंत संपते त्या कोपऱ्यात, आईच्या समोर बसले.

आणि आईने तोंड माझ्याकडे केलं.

एवढी सगळी भिंत सोडून ती माझ्याकडे बघत होती. दोन दिवसांची भांडणं, खोबरपासूनची यातायात, नवऱ्याच्या ऑफिसात वाकडेपणा घेतला तो वेगळाच, आणि ही माझं तोंड बघतेय.

"आई," मी दात आवळून म्हटलं, "भिंत तिकडे आहे."

"दिसतेय मला," आई म्हणाली, मान न हलवता. "सुंदर आहे. खिडकीपर्यंत एका बाईचा हात आहे. खिडकीच्या पुढे हात बदललाय. तिथले त्रिकोण जरा घाईने काढलेत. विचार त्यांना."

मुलीने आजीला अरबीत विचारलं. आजीने तोंडावर हात ठेवला आणि हसली. मुलगी म्हणाली, "खिडकीच्या पुढचं आजीच्या धाकट्या बहिणीने काढलंय. तिचं लग्न जवळ आलं होतं. हे आजवर कुणी ओळखलं नव्हतं."

मला अभिमान वाटायच्या आधी आश्चर्य वाटलं. "पण तू तर माझ्याकडे बघतेयस."

"तुझ्याकडे नाही गं. सरळ बघितलं की मध्ये डागच असतो. तोंड जरा दुसरीकडे केलं की कडेने दिसतं. तुझ्याकडे तोंड केलं की भिंत नीट दिसतेय."

"आणि मी?"

"तू आत्ता नाही दिसत," आई साधेपणाने म्हणाली. "तुला बघायचं असलं की मी भिंतीकडे तोंड करते."

फ्रिजवरचं घड्याळ. लॉबीतला खांब. इतके महिने मी तिच्यावर डाफरत होते ते ती मला बघत असताना.

मला पुन्हा राग आला, अगदी खरा, कुणावर ते मात्र कळेना. "मग सांगायचं नाही का आई? इतके महिने? एका शब्दाने सांगायचं नाही?"

आईने कावाचा घोट घेतला. "तू बोलत होतीस ना," ती म्हणाली.

ती पुन्हा भिंत बघायला लागली, म्हणजे माझ्याकडे तोंड करून बसली. मी तशीच बसून राहिले, तिला हवा तेवढा वेळ. तिचं बघून झाल्यावर मी तिच्या समोरून उठले आणि तिच्या जवळ, भिंतीला टेकून बसले. आईने हळूच तोंड माझ्या बाजूच्या भिंतीकडे वळवलं आणि म्हणाली, "किती वाळलीयेस गं."