सईवर दुसरा हक्क

मित्रहो, आज दुपारपासून आमच्या दुबईतल्या, अल बर्शाच्या घरात कुणी मोठ्याने बोललेलं नाही.

माझा मुलगा मंदार अमेरिकन नागरिक. इथे पगारावर कर नसला तरी अमेरिकेचं रिटर्न त्याला दरवर्षी ऑनलाइन भरावं लागतं. आज ते नामंजूर होऊन परत आलं. कारण काय, तर माझ्या नातीचा, सईचा, सोशल सिक्युरिटी नंबर आधीच दुसऱ्या कुणीतरी करसवलतीसाठी स्वतःच्या रिटर्नमध्ये आपलं मूल म्हणून लावलाय.

"चोरी असेल रे," मी म्हणालो.

"बाबा, तो नंबर आपल्याशिवाय फक्त तिच्याकडे आहे."

ती म्हणजे सूनबाई. वेगळी झाल्यापासून न्यू जर्सीत असते. सई मात्र वर्षभर इथेच, आमच्याजवळ.

मंदारने तिथल्या कर खात्याकडून ओळखीसाठीचा खास पिन मिळवला आणि तो घालून रिटर्न पुन्हा पाठवलं. या वेळी मंजूर झालं. "खलास," तो म्हणाला, पण लॅपटॉप काही मिटेना. आता दोघांनाही विचारणा होऊ शकते, की मूल नक्की कुणाकडे राहतं.

माझ्या लहानपणी शाळेत हजेरीला एका नावावर दोन आवाज आले, की गुरुजी मान वर करायचे आणि सगळा वर्ग गप्प व्हायचा. ती शांतता आज आठवली.

संध्याकाळी आईशी फोनवर बोलून सई माझ्याकडे कविता म्हणायला बसली. पहिलं कडवं झालं आणि ती थांबली.

"आजोबा, मम्मा सेज माय न्यू स्कूल हॅज स्नो."

लहानपणापासून पाठ असलेली पुढची ओळ मला आठवेना.

मंदार आत ताटं घेतोय. त्याला हे आत्ताच सांगू, की जेवण होऊ देऊ?