पडद्याआडची काजेवाली

शिलाईच्या कारखान्यात तिला सगळे काजेवाली म्हणत. शर्टाच्या काजांवर तिच्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. बाळंतपणानंतर ती पुन्हा कामावर जाऊ लागली, ती सासूबाईंच्या युक्तीमुळे. रोज सकाळी त्या बाळाला, ढब्बूला, मांडीवर घ्यायच्या, त्याच्या तोंडावर टॉवेल टाकून "कुठे गेला आमचा ढब्बू?" म्हणायच्या, आणि तेवढ्यात काजेवाली चपला हातात घेऊन दाराबाहेर. टॉवेल निघाला की आजीचं बोळकं बघून तो खुदकन हसायचा. आपल्याला आई आहे याचा त्याला पत्ताच नसायचा.

"माझी तिन्ही याच युक्तीनं वाढली," सासूबाई सांगायच्या. "दिसेनासं झालं की संपलं त्यांच्या लेखी."

ऐकून काजेवालीला थोडं लागायचं आणि पुष्कळसं बरं वाटायचं. कारखान्यात खिडकीजवळच्या तिच्या मशीनवर संध्याकाळपर्यंत तिला कुणी हाक मारत नसे.

पण सासूबाईंना खेळाची गोडी लागली. दिवसभर टॉवेलखाली वाटी, उशीमागे चमचा. सुरुवातीला चमचा लपला की ढब्बू शून्यात बघत बसायचा. एका रविवारी त्यानं उशी बाजूला ढकलली आणि चमचा उचलला. नवऱ्यानं ते पुन्हापुन्हा करवून घेतलं.

"हुशार आहे. बापावर गेलाय."

"बापाला अजून स्वतःचे मोजे सापडत नाहीत," काजेवाली म्हणाली. सगळे हसले, तीही हसली.

दुसऱ्या दिवशी टॉवेल निघाला तेव्हा ढब्बूनं आजीकडे पाहिलंच नाही. तो रांगत थेट दाराशी गेला. बाहेर काजेवाली चपला घालत होती. आतून तळहात बडवल्याचा आवाज आला.

"गेलीस का गं?" सासूबाईंनी विचारलं.

ओ द्यावी तर तो ऐकणार, न द्यावी तर उभी कशाला राहिली? दाराखालच्या फटीतून चार बोटं बाहेर आली, फरशी चाचपू लागली. तिनं पाय मागे घेतला. मग हंबरडा फुटला आणि तिनं दार उघडलं.

तो आठवडा सगळा असाच गेला. शनिवारी कारखान्याच्या मास्तरांनी तिला बाजूला घेतलं. "बाई, रोज उशीर. मशीन मी नवीन मुलीला देतोय. तुम्ही काजं घरी नेत जा, हातानं करा."

"घरी नको, मास्तर."

"अहो, बाया मागून घेतात घरचं काम. तुम्हाला काय अडचण आहे?"

 शर्टांचा गठ्ठा घेऊन ती घरी आली.

"बरंच झालं," सासूबाई म्हणाल्या. "जायची-यायची दगदग वाचली. पोरही डोळ्यांसमोर."

"हो, आई."

ढब्बू बाहेरच्या खोलीत झोपला होता. आतल्या खोलीचा पडदा ओढून ती खुर्चीवर बसली आणि पहिलं काज घेतलं. चार टाके झाले असतील नसतील, बाहेर गुडघे घासल्याचा आवाज आला. पडद्याशी येऊन तो थांबला.

तिनं पाय हळूच खुर्चीवर घेतले, सुई कापडात तशीच ठेवली, श्वास रोखला. आता पडद्याखालून काही दिसणार नव्हतं, काही ऐकू येणार नव्हतं.

"इकडे ये रे सोन्या, तिथे कुणी नाही," सासूबाई म्हणाल्या.

तो जागचा हलला नाही.