ओठ हलवा, आवाज नको

भूतबित मी मानत नाय. आमच्या कोंडाणे गावात कुणाला काय दिसलं की मी इचारायचो, "देशी होती का इंग्लिश?" म्हणून आता तुमी मला हसा, माझी हरकत नाय. शाळेशी आपलं कधी जमलं नाय, मोबाईलात बोलून लिवतोय.

मी टेंपो चालवतो. आवाज असा, की धार काढताना गुणगुणलो तर म्हस लाथ घालते. बायको रंजना भजनात पुढं गाते, आणि तिच्या कडेला बसून एक गवळण म्हणावी एवढीच माझी हाव. पण भजनी मंडळाच्या बुवांनी मला दोनदा हाकललेलं. "तुझे टाळबी बेसूर वाजतात रं!"

गेल्या हिवाळ्यात मुंबईच्या एक मॅडम लेण्यांच्या वाटेवरच्या फार्महाऊसवर अल्बम करायला आल्या. गाणी सोता लिवतात, सोता गातात, गिटारवर लोकगीतं. सामान माझ्या टेंपोत आलं. भिंतीला गाद्या लावून स्टुडिओ केला. गाणं भातझोडणीचं... मॅडमनी भात फक्त ताटात बघितलेला. कोरसला त्यांना "रॉ" म्हंजे अस्सल गावकरी पायजे होते, मिशा बघून मलाबी उभा केला. प्रत्येकाला वेगळा माईक. मी एक ओळ गायलो नि मॅडमनी हेडफोन काढून ठेवले.

"काका, तुम्ही नुसते ओठ हलवा हं. आवाज नको. व्हिडिओत छान दिसता."

हलवले. म्हशीगत रवंथ केला. मधी बिडीचा खोकला आला, तेवढाच काय तो माझा आवाज.

दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंगवाल्यानं बोलावून ऐकवलं. माझ्या माईकात एक बाप्या गात होता. उन्हाचं खळ्यावर माठातलं पाणी घशाखाली उतरावं, तसा आवाज. बाकीच्यांच्या माईकात त्याचा मागमूस नाय.

"काका, लाजत होतात का?" मॅडम म्हणाल्या, आणि तसाच अल्बमात घातला.

बुवांनी तो मोबाईलवर ऐकला आणि मला हात जोडले. मला! "चुकलं माझं. सत्यनारायणाला गवळण तूच म्हण."

आणि मी गाढव... मलाबी वाटलं, आसंल बाबा घशात कुणीतरी. रंजनाच्या कडेला बसलो, तोंड उघडलं. प्रसादाला आलेलं पोर रडाया लागलं. भटजींनी मला झाकायला शंख फुंकला.

"मशीननं गायलंस होय रं!" बुवांनी तिसऱ्यांदा हाकललं.

घरी रंजनानं मोबाईल काढला. तेच गाणं मागं नेऊन नेऊन ऐकत बसली.

"हा आवाज तुमचा नाय," ती म्हणाली.

"मी कुठं म्हणतोय गं?"

"पण हे ऐका."

ओळीच्या मधीच तो आवाज तुटतो. खोकला येतो... माझाच, बिडीचा. रंजना तो बाजारात ओळखंल. आणि खोकला थांबतो तिथं तोच आवाज अर्धा राहिलेला शब्द उचलतो आणि पुढं गातो. त्या शब्दाला खोकल्याची खरखर तशीच लागलेली हाय.

रंजनानं गाणं बंद केलं. मग ती म्हणाली, "ज्याचा कुणाचा आसंल, त्याला म्हणावं बिडी सोड. नुसकान करतोय सोन्यासारख्या गळ्याचं."

सोडलीय. कुणासाठी, ते इचारू नका... मलाच ठाव नाय.