दुसरी सही

माझ्या मामानं चोवीस वर्षं बंदुकांच्या लॅबमध्ये काढली आणि आयुष्यात एकदाही गोळी झाडली नाही. पाण्याच्या टाकीत गोळ्या झाडायचं काम तळघरातल्या दुसऱ्या माणसाचं. मामाचं काम बघायचं. गुन्ह्याच्या जागी सापडलेली काडतुसाची रिकामी पुंगळी एका भिंगाखाली, संशयिताच्या पिस्तुलातून मुद्दाम उडवलेली दुसऱ्या भिंगाखाली, आणि दोन्हींच्या बुडावरचे ओरखडे एकाच बंदुकीचे आहेत का ते सांगायचं. उत्तरं तीनच: एकच, वेगळी, किंवा सांगता येत नाही. हे तिसरं उत्तर त्याच्या साहेबांना मुळीच आवडत नसे. त्यानं पोलीस हात हलवत परत जातात, असं ते म्हणत.

मामा बाजारात गेला तरी दोन टोमॅटो शेजारी शेजारी धरून बघत उभा राही. मामी म्हणायची, लग्नाआधी मलाही असंच माझ्या बहिणीच्या शेजारी उभं करून बघितलं असेल यांनी, आणि मामा कान लाल करून हसायचा. कुणाला दुखवणं त्याच्या रक्तातच नव्हतं. हा गुण घरात फार चांगला. लॅबमध्ये तो किती महाग पडतो ते आम्हाला उशिरा कळलं.

लॅबच्या प्रत्येक अहवालावर दोन सह्या लागत. पहिली साहेबांची, दुसरी मामाची. फाईल मामाच्या टेबलावर येई तेव्हा साहेबांचं उत्तर पहिल्याच पानावर लिहिलेलं असे. ते वाचायचं, मग भिंगात बघायचं, मग सही करायची. चोवीस वर्षांत दोघांचं एकदाही वेगळं मत पडलं नाही. दोघेही हुशार म्हणूनच, असं आम्ही धरून चाललो होतो.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं, नाइलाज आहे. माझं पहिलं संशोधन शाळांवर होतं. माझी आई, म्हणजे मामाची थोरली बहीण, मुख्याध्यापिका. तिच्या शाळेत शेवटच्या वर्षाचे पेपर दोन शिक्षक तपासत, पण दुसऱ्याला पहिल्याचे लाल शाईतले गुण दिसत. मग तो एखादा गुण इकडे तिकडे करून मोकळा होई. मी पहिल्याच्या गुणांवर कागदाची पट्टी चिकटवायला लावली. त्याच पेपरांत पंधरा-पंधरा गुणांचा फरक निघाला. शिक्षकखोलीत नुसता गदारोळ. गणिताच्या बाई आईशी वर्षभर बोलल्या नाहीत. पण आई मागे हटली नाही, शाळेत पट्टी कायमची आली आणि पुढच्या वर्षी आणखी पाच शाळांनी ती घेतली. दीडशहाणी मी आधीपासून होतेच, आता पुरती दोनशहाणी झाले.

एकदा जेवताना मी ही शौर्यकथा पुन्हा सांगत होते. मामा सहज म्हणाला, "अगं, आमच्याकडेही असंच तर चालतं की." त्या एका वाक्यातून माझं दुसरं संशोधन उभं राहिलं. परवानगी मामानंच मिळवून दिली. त्यासाठी तो सहा महिने साहेबांच्या दारात उभा राहिला, ज्या माणसाला स्वतःची रजा मागतानाही घाम फुटायचा.

वेगवेगळ्या लॅबमधले सोळा तपासनीस मी घेतले आणि प्रत्येकाला पुंगळ्यांच्या चाळीस जोड्या दिल्या. काही टाकीत उडवलेल्या, म्हणजे खरं उत्तर माहीत असलेल्या. काही निकाल लागलेल्या जुन्या खटल्यांमधल्या, चिठ्ठ्या काढून टाकलेल्या. आधीचं उत्तर कुणालाच दिसत नव्हतं. तपासनिसांना नावांऐवजी नंबर होते आणि कुणाचा नंबर कोणता ही यादी फक्त माझ्या कपाटात. ती कुणासाठीही उघडणार नाही, असं मी सर्वांना लिहून दिलं होतं.

मी ती उघडली. मामाची किती उत्तरं बरोबर आली ते बघायला, निव्वळ कौतुकापायी. टाकीतल्या जोड्यांमध्ये त्याची एकही चूक नव्हती आणि माझी छाती फुगली. मग जुन्या खटल्यांमधली एक जोडी दिसली. आठ वर्षांपूर्वी तिच्यावर 'एकच' असा अहवाल गेला होता, खाली दुसरी सही मामाची. या वेळी त्याच जोडीवर मामानं लिहिलं होतं, सांगता येत नाही. सोळापैकी चौदा जणांनी तेच लिहिलं होतं.

मी खटल्याचे कागद मिळवून वाचले. आरोपी टायरचं पंक्चर काढणारा. पिस्तूल त्याच्या दुकानामागच्या भंगारात सापडलं होतं, जिथे कुणीही येऊन काहीही टाकत असे. खून होताना बघणारं कुणी नाही. त्याला खुनाशी जोडणारी एकच गोष्ट होती, ती पुंगळी. जन्मठेप झाली होती.

मी गप्प बसले. वचन दिलंय, नाव फोडता येत नाही, असं मी स्वतःला बजावत राहिले. वास्तविक नाव न फोडताही ती जोडी न्यायालयाला कळवता आली असती. पण मग परिषदेत निबंध वाचायच्या आधीच सगळं संशोधन अडकलं असतं, आणि मामाची नोकरी धोक्यात आली असती. यातलं आधी काय मनात आलं ते लिहायची मला लाज वाटते, म्हणून लिहिते: निबंध. मामाचं कारण मी नंतर पुढे केलं. आणि रोज संध्याकाळी त्याला फोन करून ब्लडप्रेशरची गोळी घेतली का, असं विचारत राहिले.

दोन महिन्यांनी परिषद भरली. मामा त्याचा एकुलता एक कोट घालून तिसऱ्या रांगेत बसला होता. सांगायला सगळ्यात सोयीचं उदाहरण म्हणून मी त्याच जोडीचा फोटो पडद्यावर टाकला, जुन्या फाईलमधला. कडा कापल्या होत्या, पण घाईत. खालच्या कोपऱ्यात एका सहीचं लांब शेपूट राहून गेलं होतं. मी म्हणाले, या तपासनिसाला साहेबांचं उत्तर झाकल्यावर दिसायला लागलं. सभागृह हसलं. मला ते हसणं आवडलं. मग मी तिसऱ्या रांगेकडे बघितलं, तर मामा चष्मा काढून हातात धरून बसला होता.

चहाच्या वेळी त्यानं मला जिन्याखाली गाठलं.

"ती सही माझी आहे ना?"

मी मान डोलावली.

"कधीपासून माहीत होतं तुला?"

"दोन महिने."

तो रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. तो म्हणाला, "मी न बघता सही केली नव्हती गं. बघितलं होतं. पण आधी वाचलं आणि मग बघितलं. वाचलं तेच दिसलं." आणि कपातला चहा तसाच ठेवून घरी गेला.

त्याच संध्याकाळी त्यानं न्यायालयाला पत्र लिहिलं, स्वतःचं नाव, पद आणि अहवालाचा क्रमांक घालून. मामीनं ते वाचलं आणि फक्त एवढंच म्हणाली की स्वच्छ अक्षरात पुन्हा लिहा. आठवड्याभरात साहेबांनी त्याला भिंगापुढून उठवून टपालाच्या टेबलावर बसवलं. ज्यांच्या मुलांच्या शिकवण्या त्यानं हौसेनं घेतल्या होत्या, ते सहकारी जेवणाच्या सुट्टीत त्याच्याशेजारी बसेनात. मला मात्र त्या निबंधासाठी अभिनंदनाची पत्रं येत होती.

सुनावणीला मी गेले. पंक्चरवाल्याच्या वकिलानं मामाला विचारलं की हा फरक तुम्हाला कधी कळला. मामानं तारीख सांगितली. वकिलानं विचारलं, त्याआधी कुणाला माहीत होतं का? मामानं आयुष्यात कुणाला दुखवलं नव्हतं. पिंजऱ्याचा कठडा दोन्ही हातांनी धरून तो म्हणाला, "हो. माझ्या भाचीला. दोन महिने आधी. ती इथे बसली आहे."

न्यायाधीशांनी ती पुंगळी पुराव्यातून बाजूला काढून खटला पुन्हा ऐकायचा हुकूम दिला. त्या पंक्चरवाल्याला पोलीस परत तुरुंगात घेऊन गेले, पण जाताना तो वळून वळून बघत होता. बाहेर मामी मामाचा कोट झटकत होती, त्यावर धूळ नसताना.

मी खांबापाशी उभी होते. त्या माणसाची बायको माझ्याकडे आली. साधी, पोक्त बाई, हातात जेवणाचा डबा. आता ही तोंडावर थुंकेल, अशी माझी तयारी होती. तिनं विचारलं, "ताई, ते दोन महिने कोणते?"

मी सांगितले. ती मनातल्या मनात काहीतरी जुळवत राहिली.

"महिन्याला एकच भेट मिळते आम्हाला," ती म्हणाली. "म्हणजे त्यात दोनदा भेटून आले मी. दोन्ही वेळा त्याला सांगितलं, आता आशा सोड."