नाताळच्या करंज्या, व्हाया पिंपरी पेंढार

गेल्या नाताळात मी माझ्या धाकट्या बहिणीला भेट म्हणून सहा किलो ठिबक सिंचनाचं सामान पाठवलं. तिने ते मागितलं नव्हतं. तिला शेती नाही. ती आफ्रिकेत, मलावी देशातल्या एका मिशनच्या दवाखान्यात नर्स आहे.

सुनंदा मिशनरी म्हणून गेली आणि तिचा घराबाहेरचा हा पहिलाच नाताळ. आईचं म्हणणं एकच, "माझ्या हातची करंजी खाल्ल्याशिवाय सुनूचा एक नाताळ गेलेला नाही. हाही जायचा नाही." डॉक्टरांनी आईला मनगटाला पट्टा बांधून दिला होता आणि लाटणं हातात धरायला बंदी केली होती. आईने पट्टा काढला, लाटणं धरलं आणि दोन दिवसांत पन्नास करंज्या केल्या. मग हात गरम पाण्यात बुडवून मला म्हणाली, "आता ह्या तिच्यापर्यंत पोचव. ह्या वर्षी पुन्हा व्हायच्या नाहीत माझ्याच्यानं."

"आई, तू कोणाला सांगतेयस!" मी म्हणालो.

जुन्नरच्या बाजारपेठेत माझं ठिबकच्या सामानाचं दुकान आहे. रोज गावोगाव खोकी जातात. पुठ्ठा जाड, सुतळी दुहेरी. करंज्यांचे डबे, आईने विणलेला स्वेटर, चटण्या असं सगळं मी दुकानातल्याच एका खोक्यात भरलं. पाळकसाहेब चहाला आले होते, त्यांनी खोक्यावर हात ठेवून प्रार्थनाही केली. (दुकानात तशी दोन खोकी शेजारी शेजारी होती. त्यांनी हात कोणत्या खोक्यावर ठेवला, हे आता विचारू नये.)

दुसरं खोकं पिंपरी पेंढारच्या बबनरावांचं होतं. निळ्या मुठीचे कॉक, जोडण्या, रबरी रिंगा. दोन्ही खोकी एकाच मापाची. दोन्ही मीच बांधली. दोन्हींवर पत्ते मीच चिकटवले, आणि तेही फोनवर एका गिऱ्हाइकाला "डोकं ठिकाणावर ठेवून ऑर्डर देत जा हो!" असं सुनावता सुनावता.

कुरियरवाला इरफानभाई माझा वर्गमित्र. त्याने खोकं उचललं आणि कण्हला.

"काय भरलंय राव? लई जड हाय!"

"आईच्या करंज्या आहेत. सारण दाबून भरते ती."

"आतून खुळखुळ वाजतंय."

"खसखस असेल."

"उघडून बघावं लागतं, भाऊ. परदेशाचा माल हाय."

"इरफान! पंचवीस वर्षं पॅकिंग करतोय मी. मला शिकवतोस?"

त्या बिचाऱ्याने पेन काढलं. यादीत 'मिठाई' लिहून त्याने शिक्का मारला. दुसरं खोकं मी दुपारच्या एसटीने पिंपरी पेंढारला रवाना केलं आणि घरी जाऊन आईला सांगितलं, "निघाल्या करंज्या!" ते मात्र खरं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बबनरावांचा फोन.

"भाऊ, ड्रिप आलं. लई ग्वाड हाय!"

"काय?"

"करंज्या वो! काय स्कीम हाय का ह्या वर्षी? आन् स्वेटर कुनाच्या मापाचा धाडलाय? मला गळ्यातून खाली उतरंना!"

माझ्या हातातला चहा बशीत, बशीतला वहीवर. इरफानकडे धावलो. गाडी पुण्याला रात्रीच गेली होती. "खसखस गेली," तो म्हणाला. त्याहून जास्त काही बोलला नाही, हे त्याचे उपकार.

मोटारसायकल काढली आणि बबनरावांसाठी नवं सामान घेऊन पिंपरी पेंढार गाठलं. बबनराव ओट्यावर बसले होते, हनुवटीपर्यंत स्वेटरात अडकलेले.

"करंज्या कुठायत?"

"वाटल्या की वस्तीवर. आलेलं खानं एकट्यानं खायचं व्हय? समद्यांनी तुमचं नाव काढलं!"

"सगळ्या?"

तेवढ्यात त्यांची आई आतून आली. हातात झाकलेलं पातेलं. "अकरा ठिवल्यात म्या. लेक यायचीय सासरवरनं, तिच्यासाठी."

मी खरं काय ते सांगितलं. कोणाच्या, कोणासाठी, कोणत्या हाताने केलेल्या. म्हातारीने ऐकून घेतलं आणि अख्खं पातेलं माझ्या पुढ्यात सरकवलं.

"लेकीच्या वाटच्या व्हत्या, लेकीलाच जाऊंद्या. माझी काय, उद्या म्या करीन. जवळ हाय ती."

घरी येऊन आईपुढे पातेलं ठेवलं. मला वाटलं ती रडेल. तिने मोजल्या, परातीकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "अकरा करंज्या कोणी परदेशी पाठवतं का? मिशनमध्ये ढीगभर पोरं आहेत. परात घे. बस खाली."

"मी?"

"मग काय पाळकसाहेबांना बोलावू?"

तो दिवस मी विसरणार नाही. आई पाटावर बसून हुकूम सोडत होती आणि बायको दारात उभी राहून शूटिंग करत होती. "पीठ मळा, पाइप जोडताय का?" असं बायकोकडून तीनदा ऐकलं. पहिल्या पाच करंज्या तेलात फुटल्या. म्हणून मी पुढच्या करंज्यांच्या पाऱ्या जाड केल्या आणि कडा अशा दाबल्या, की आतून गळती होणं शक्यच नाही. चाळीस झाल्या. एक चाखायला घेतली. दाढ दुखतेय असं सांगून खाली ठेवली.

ह्या वेळी आईच्या अकरा आणि माझ्या चाळीस भरलेलं खोकं इरफानने उघडून बघितलं. दोनदा बघितलं. माझी एक करंजी टेबलावर ठोकली आणि म्हणाला, "वाटेत काय व्हायचं न्हाई हिला."

दरम्यान पहिलं खोकं मलावीला पोचलं. सुनंदाचा निरोप आला, "दादा, काय डोकं लावलंयस! पोरांनी ते निळे कॉक आणि रिंगा नाताळच्या झाडाला टांगल्यात. सगळा दवाखाना बघायला येतोय." मी नम्रपणे 'आवडलं ना?' एवढंच लिहिलं. (कबुली द्यायला माणसाला योग्य वेळ लागते. ती अजून आलेली नाही.)

करंज्यांचं खोकं पोचलं चोवीस डिसेंबरला. संध्याकाळी तिने व्हिडिओ कॉल केला. हातात करंजी होती. ती नुसती चावत होती.

"खाल्लीस ना गं?" आईने विचारलं.

"तिसरी आहे," सुनंदा म्हणाली. "आई, हात कसा आहे?"

"बरा आहे," आई म्हणाली आणि पट्टा बांधलेला हात पदराखाली घेतला. मग उगाचच मला म्हणाली, "मोबाइल हलवू नको रे."

मला राहवलं नाही. "आणि माझ्या, सुनू? चाळीस होत्या!"

सुनंदाने मोबाइल झाडाकडे वळवला. कॉक तिथल्या माळ्याने भाजीच्या वाफ्यांसाठी केव्हाच उतरवून नेले होते. त्यांच्या जागी, लाल दोऱ्यांना लटकून, माझ्या चाळीसच्या चाळीस करंज्या वाऱ्यावर डोलत होत्या.

"पोरांचा हात लागून पडतात, पण एकही फुटली नाही, दादा!" सुनंदा म्हणाली.

आईने चष्मा लावून झाड नीट निरखलं. "उतरवल्यावर डब्यात जपून ठेव गं," ती म्हणाली. "पुढच्या नाताळालाही होतील."